जुन्या गावाची खडी

बी.ए.चा निकाल लागला, त्याच वर्षी दिवाळीनंतर मला रस्त्याच्या कामावर कारकुनी मिळाली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मराठी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. ज्या मास्तरांनी मला हाताला धरून हायस्कुलात नेऊन बसवलं, त्यांनीच ओव्हरसिअरसाहेबांकडे शब्द टाकला. दोघांचे माझ्यावर उपकार आहेत. पुढे जे लिहिणार आहे त्यात त्यांचा काही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

रस्ता सोलापूरहून अक्कलकोटच्या बाजूला जाणारा. मधला मोठा तुकडा काळ्या रानातला. पाऊस झाला की गाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं, आणि वरून कितीही खडी टाकली तरी ती माती गिळून टाकायची. साहेबांचं म्हणणं असं की, सगळा दगड खाणीतून आणत बसलो तर दोन उन्हाळे जातील. जवळपास जे पडून आहे ते आधी वापरावं. त्याप्रमाणे गिरणीच्या बॉयलरमधून निघालेला जळका खंगर गाड्या भरून यायला लागला. शहरात पाडलेल्या भिंतींच्या विटांचे तुकडे आले. तरी दगड कमीच पडत होता. मग एक दिवस साहेबांनी नकाशावर पेन्सिलीने गोल काढला आणि विचारलं, "हे ओसाड गाव कुणाचं?"

"आमचंच," मी म्हणालो.

मानमोडीच्या तापाच्या साथीत ते गाव उठलं होतं. माझे वडील आणि धाकटी बहीण एकाच आठवड्यात गेली. उरलेल्यांनी जवळच्या माळावर नवी वस्ती केली. आई मला घेऊन सोलापूरला आली आणि गिरणीत कामाला लागली. आमच्याकडे कानडी निम्मी, त्यामुळे आईला मी अव्वा म्हणायचो. गाव सोडताना अव्वाने जात्याची वरची तळी डोक्यावर घेतली होती. खालची तळी जमिनीत पुरलेली. ती उकरायला घरात पुरुषमाणूस उरलं नव्हतं. वरची तळी आमच्या चाळीतल्या खोलीत खाटेखाली तशीच पडून राहिली. दळण आम्ही पिठाच्या चक्कीतून आणायचो. बाजारातून खालची तळी घेऊ या, असं मी एकदा म्हटलं तर अव्वा म्हणाली, "एकमेकीवर झिजल्यात त्या. दुसरी बसत न्हाय."

जुनं गाव रस्त्यात जाणार हे कळलं तेव्हा तिने एवढंच सांगितलं, "आपली खालची तळी तेवढी आण, लेकरा. दुसरं कायबी नको."

"आणतो," मी म्हणालो.

दवंडीचा मजकूर मीच लिहिला होता. ज्यांना आपल्या जुन्या घरातलं काही न्यायचं असेल त्यांनी आठ दिवसांत न्यावं, नवव्या दिवशी काम सुरू होईल. त्या आठ दिवसांत मी दोनदा तिथे गेलो. माणसं तुळया काढत होती, चौकटी काढत होती. एकाने चुलीचे दगडसुद्धा नेले. मी आमच्या घराला हात लावला नाही. सरकारी माणसाने आपलं आधी काढून घेतलं असं कुणी म्हणू नये, एवढंच माझ्या मनात होतं. सगळ्यांचं झालं की नवव्या दिवशी सकाळी आपली तळी उकरू, असं ठरवलं. पहार कुणाकडून आणायची तेही ठरवलं होतं. फक्त खडी फोडणाऱ्या टोळीच्या मुकादमाला मी बोट दाखवून म्हटलं, "ते लिंबाखालचं घर आमचं."

म्हणताना मला थोडा अभिमान वाटला असावा. आता नक्की आठवत नाही.

नवव्या दिवशी मी सायकलवरून निघालो. लांबूनच घणांचे आवाज ऐकू आले. मुकादम कपाळाला कुंकू लावून समोर आला आणि माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"या सायेब. पैला मान तुमचा. तुमच्या उंबऱ्यावर नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, मगच घन घातला. दुसऱ्या कुनाच्या घराला हात लावला न्हाय अजून."

मोठ्या कामाची सुरुवात मानकऱ्याच्या दारातून करायची, ही रीत मलाही ठाऊक होती. मी कधी कुणाचा मानकरी नव्हतो, म्हणून माझ्या ध्यानात आलं नाही.

घराच्या जागी दगडांचा ढीग होता. बाजूला बायका बसून खडी करत होत्या.

"आत जात्याची तळी होती," मी म्हणालो. "पुरलेली."

"व्हती की! लई चिवट. असला दगड खानीत बी गावायचा न्हाय."

"माझ्या हातोडीचा दांडा मोडला तिच्यापायी," एक बाई म्हणाली. "दांडा द्या सायेब, न्हायतर सायकलीचा दांडा काढून घीन."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. दांडा एक, असं वहीत टिपून घेतलं.

मुकादमाला मी काही बोललो नाही. त्याने मान दिला होता.

दुपारी खडी मापायची होती. तळ नसलेल्या लाकडी पेटीत खडी भरायची, वर फळी फिरवायची, पेटी उचलायची. भरताना एका तुकड्यावर जात्याला टाकी लावताना पाडलेल्या खाचा दिसल्या, ओळीने, बोटभर अंतरावर. मी तो उचलला. खाचांत माती भरली होती. थोडा वेळ तो हातात होता. मग पेटीत टाकला. वर फळी फिरवली. सारखी फिरली.

संध्याकाळी अव्वा दारातच उभी होती. सायकलच्या मागे काही नाही हे तिने पाहिलं.

"फुटली," मी म्हणालो.

"कुनी फोडली?"

"मुकादमाने. माझ्या मानासाठी."

ती आत गेली. भाकरी थापल्या, मला वाढलं. मी जेवलो, आणि नेहमीइतकाच जेवलो. हात धुवून आलो तेव्हा तिने वरची तळी खाटेखालून ओढून दाराशी ठेवली होती. पदराने पुसली होती.

"ही बी घेऊन जा. एकटी ठिवून काय करू?"

दुसऱ्या दिवशी ती मी कॅरिअरला बांधून नेली. मुकादम गाठी सोडायला पुढे आला आणि तळीवर हात ठेवून थांबला. तिच्या कडेचं खुंट्याचं भोक त्याने अंगठ्याने चाचपलं.

"ही वरची?"

"होय."

"आदी बोलायचं न्हाय व्हय, सायेब?" तो म्हणाला. मग गाठी सोडत, "आख्खीच बसवू का तळाला?"

"गोल दगडावर रोलर उचलतो," मी म्हणालो. हे मला त्यानेच शिकवलं होतं. "फोडा."

त्याने घण दुसऱ्याच्या हातात दिला नाही, स्वतः घातला. तुकडे मीच गोळा करून पेटीत भरले.

रस्ता पुढच्या उन्हाळ्यात पुरा झाला. साहेबांनी माझ्या कामाची तारीफ केली, मी त्यांचे आभार मानले. काळ्या रानातून मोटार जाऊ लागली. अव्वाला घेऊन मी एका लग्नाला निघालो तेव्हा ती खिडकीशी बसली होती. लिंब दिसला तशी तिने विचारलं, "कुटं हाय रं?"

ढीग पसरताना सगळी खडी एकात एक मिसळली होती. कुठे काय गेलं ते मला ठाऊक नव्हतं.

"हितंच," मी म्हणालो.

तिने पायांतल्या चपला काढून बाकाखाली सारल्या. लिंब मागे पडेपर्यंत पाय वर घेऊन बसली. मग पुन्हा चपला घातल्या.