व्याह्यांच्या हृदयाची तहकूब सभा

माझ्या मुलीच्या सासऱ्यांइतका सहकारी माणूस आमच्या जिल्ह्यात दुसरा झाला नाही. तामलवाडीच्या दूध सोसायटीचे ते चेअरमन होतेच, पण घरही सोसायटीच्या पोटनियमांवर चालवत. भाजी कोणती करायची याला सूचक लागे, अनुमोदक लागे. मुलगी पाहायला आले तेव्हा पोहे संपवून त्यांनी सगळ्यांकडे नजर फिरवली आणि विचारलं, "विरोधात कोण हाय का?" नातवाचं बारसं खोळंबलं, कारण दोन नावांना समान मतं पडली आणि चेअरमनचं जादा मत कुठे टाकावं हे त्यांना ठरेना. मी उद्याच्या कामांची यादी आज करणारी बाई. त्यांच्या घरी मला घाम फुटायचा. पण दुष्काळात गुरांच्या छावणीवर चारा वाटताना स्वतःच्या बैलांची पेंढी सर्वांत शेवटी उचलणारा चेअरमन मी पाहिला होता, म्हणून त्यांच्यावर रागावणं मला कधी जमलं नाही.

त्याच छावणीत ते उभ्या उभ्या कोसळले. शुद्धीवर येताच म्हणाले, "ऊन लई हाय." पुन्हा पडले ते सावलीत. मग मी त्यांना सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी हृदयाच्या ठोक्यांची आलेखपट्टी काढली आणि तिच्यावर बोट ठेवलं. "इथे ठोका पडायला हवा होता, पडला नाही. एक दिवस तो परत पडणारच नाही. पुण्याला जाऊन छातीत ठोके देणारं यंत्र बसवून घ्या, पुढची चक्कर यायच्या आत."

"छावणी मोडली की जातो," व्याही नम्रपणे म्हणाले.

"आणि त्याआधी पडलात तर?" मी एसटीत विचारलं.

"तर चारा कुणी वाटायचा, त्येचा इचार आधी करावा लागंल, विहीणबाई."

यंत्राचा विषय घरच्या सभेपुढे ठेवा, असं मी सुचवलं. सभेला नाही म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. मात्र सभेच्या सकाळी त्यांनी माझ्या जावयाला आणि त्याच्या भावाला चारा आणायला उमरग्याला पाठवून दिलं. मग ओसरीवर बसून डोकी मोजली आणि समाधानाने जाहीर केलं, "गणपूर्ती न्हाय. सभा तहकूब." हात चपलांकडे गेलासुद्धा.

"बसा, पाव्हणं," मी म्हटलं. "तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरते आणि तिला गणपूर्ती लागत नाही. नियम तुमचाच."

ते बसले. चहा झाला. वेळ भरताच मी ठराव मांडायला उठले, तर म्हणाले, "तुमी सभासद न्हाय, विहीणबाई. सूचक कोण?"

इतकी वर्षं नवऱ्याच्या ठरावाला नुसता हात वर करणाऱ्या त्यांच्या बायको चुलीपासून बोलल्या, "सूचक म्या. उद्याच जायचं. चारा म्या वाटीन."

"अनुमोदन," माझी मुलगी म्हणाली.

"विरोधात कोण हाय का?" हेही बायकोनेच विचारलं.

व्याह्यांनी चपला पायाने बाजूला सारल्या. "न्हाय," ते म्हणाले.

पुण्यात शेजारच्या खाटेवर आमच्याच जिल्ह्यातल्या वाशी गावचे एक शेतकरी होते. वय तेच, दुखणं तेच. पण पेरणी होऊ दे, मळणी होऊ दे करत फार उशिरा आलेले. दोघांची गट्टी जमली. व्याह्यांचं यंत्र बसलं त्याच संध्याकाळी, शेजारच्या शेतकऱ्याची पाळी यायच्या आत, त्याचे ठोके थांबले.

हिंडायची परवानगी मिळताच व्याह्यांनी कोणालाही न विचारता, कसलाही ठराव न करता वाशीची एसटी पकडली. परतताना माझ्याकडे थांबले. पाणी प्यायले. काय बोलणं झालं, मी विचारलं.

"बोलणं कसलं. त्येची आई हाय, लई म्हातारी. यंत्र कुठं बसवलं म्हणाली. म्या दावलं. तिनं तिथं हात ठिवला, अन् लई येळ उचललाच न्हाय."