आकड्यांतून आलेला आवाज

सहा वर्षं माझी बायको माझ्याशी ओरडूनच बोलत होती. भांडण नव्हतं, माझे कान गेले होते. तिचा साधा, घरातला आवाज कसा होता हेच मी विसरून गेलो होतो आणि मला तो परत हवा होता. म्हणून गेल्या महिन्यात एकटाच विजय नगरला जाऊन कानात डिजिटल मशीन बसवून आलो.

बसवणारी मुलगी म्हणाली, "काकाजी, आवाज आत गेला की त्याचे नंबर बनतात, एका सेकंदात हजारो. मशीन त्यातला शोर छाटतं आणि नंबरांचा परत आवाज बनवतं."

मी लगेच विचारलं, "मग बायकोचा आवाज तिचाच राहील ना?"

"घरी जाऊन तुम्हीच सांगा," ती हसली.

बाहेर आलो आणि वेडाच झालो! माझ्या चपला वाजत होत्या. खिशात किल्ल्या वाजत होत्या. पोह्यांच्या गाडीवर शेव पडली तीसुद्धा वाजली. "भिया, जरा शेव और डालना," मी गाडीवाल्याला म्हणालो, फक्त ऐकायला. भूक नसताना दोन प्लेटा झाल्या. रिक्षात उगाचच हसत होतो, रिक्षावाला आरशातून बघत होता.

घरात पाऊल टाकलं आणि बायको सवयीने ओरडली, "अहो, कसं वाटतंय?" माझा कान फुटायचाच बाकी राहिला. हळू बोल म्हटलं, तर तिला जमेना. पहिला शब्द हळू, तिसरा थेट शेजाऱ्यांच्या घरात. आम्ही दोघं हसून हसून खाली बसलो. शेवटी मीच मशीन काढल्यासारखं केलं आणि पेपर उघडला. लबाडीच होती ती.

ती चहा टाकायला वळली. माझ्याकडे पाठ करून पुटपुटायची तिची सवय होती. मला वाटायचं, माझ्याच तक्रारी असणार. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. बारीक आवाज, किंचित कापरा.

"बुढ्ढा झालाय माझा आवाज. ह्यांना पसंद नाही पडला तर?"

माझे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना.

"मुलगी पसंत आहे," मी म्हणालो.

ती गर्रकन वळली आणि पुन्हा ओरडली, "मेलं, ऐकू येतंय की हो तुम्हाला!"