लाल ठिपक्याचे कार्बन

कमेंटमध्ये विचारणारच, म्हणून आधीच सांगते. नाही, मी गाडीला लिंबू-मिरची बांधत नाही. उलट ती सोडायला लावणाऱ्यांतली आहे. पाथर्डी तालुक्यात आमचा सात-आठ जणांचा गट आहे. बुवा, भगत, खतात माती मिसळणारा दुकानदार, जो फसवेल त्याच्याविरुद्ध पत्रक काढायचं आणि बाजारच्या दिवशी वाटायचं. मजकूर बहुतेक माझा असतो. गॅरेजवाल्यांवरचं तर अख्खं माझंच होतं – "जुना पार्ट परत मागा! त्यावर खूण करा! विश्वास ठेवू नका – खोलून बघा!"

ही शेवटची ओळ लक्षात ठेवा.

माझे वडील, अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. दोन्ही किडन्या गेल्यापासून मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी नगरला न्यावं लागतं. तालुक्याच्या ठिकाणी मशीन का नाही, यावरही पत्रक काढून झालंय. मशीन आलं नाही, म्हणून आमची जुनी पांढरी डिझेल गाडी हाच आधार. वय माझ्याहून एका वर्षाने कमी. दाराचे रबर गेलेले, गिअर हाताने शोधावा लागतो... आणि इंजिन चालू करणारा तो सेल्फ! किल्ली फिरवली की कधी इंजिन चालू व्हायचं, कधी नुसतं 'टक्'.

अण्णांचा उपाय वेगळा. बॉनेटवर तळहात ठेवायचा आणि म्हणायचं, "चल गं बाई."

"अण्णा, लोखंडाला कान नसतात."

"तुझ्या पत्रकाला तरी कुठं हायेत? तू वाटतीच ना?"

त्या मंगळवारी 'टक्'सुद्धा आलं नाही. ढकलायला कुणी नाही, अख्खं गाव लग्नाला गेलेलं, भाड्याच्या दोन्ही गाड्यांसकट. डायलिसिस चुकलं. बुधवारी-गुरुवारी मशीन रिकामं नव्हतं, म्हणजे थेट शुक्रवार. अण्णांचे पाय सुजायला लागले. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून ते रात्री भिंतीला टेकून बसायचे. मी दर तासाला उठून त्यांचा श्वास ऐकायचे.

बुधवारी चौघांकडून ढकलून गाडी चालू केली आणि पाथर्डीला रफिकभाईंच्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी सेल्फ उतरवून उघडला आणि चार छोटे तुकडे माझ्या हातावर ठेवले. "ताई, कार्बन संपलेत. ह्यांच्यातून करंट आत जातो. बघा, पार तारेला लागलेत."

मी पर्समधून बॅनरच्या लाल ऑइलपेंटची डबी काढली आणि चारही तुकड्यांवर एकेक ठिपका दिला.

रफिकभाई हसले. "हळदीकुंकू लावताय व्हय?"

"खूण करतेय. हेच परत बसवले तर?"

त्यांचं हसू गेलं. भिंतीकडे बोट केलं. तिथे माझंच पत्रक चिकटवलेलं. "तुमचंच हाय न्हवं? गिऱ्हाइकाला मीच वाचून दाखवतो. करा खूण."

नवे कार्बन माझ्यासमोर बसवले. जुने वर्तमानपत्रात बांधून मी घरी आणले. अण्णांनी पुडी उघडली, तुकडे तळहातावर घेतले, अंगठ्याने चाचपले. "एवढं झिजूनबी ओढत हुते बिचारे. फेकू नको गं."

मी फोटो काढला – गटाला दाखवायला, पत्रक पाळलं म्हणून. सुजलेला तळहात, चार तुकडे, चार लाल ठिपके. बुधवार, संध्याकाळ. मग पुडीला दोऱ्याची गाठ मारून ती डॅशबोर्डच्या खणात टाकली. गुरुवारी गाडी दोनदा चालू करून बघितली. झटक्यात! नवा, करकरीत आवाज. त्यानंतर बॉनेट कुणी उघडलं नाही. किल्ली माझ्या उशाखाली होती.

शुक्रवारी सकाळी निघालो. करंजीचा घाट चढून वर आलो आणि अण्णांना मळमळलं. कडेला घेतली, सवयीने किल्ली बंद केली. त्यांना पाणी दिलं, पाठ चोळली. परत बसून किल्ली फिरवली.

काहीच नाही.

पुन्हा. नाही. बॅटरी ठीक – हॉर्न वाजत होता. उतार असता तर गडगडवून चालू केली असती, पण नेमका तिथे सपाट रस्ता. एकटीने ढकलायला गेले, हातभरसुद्धा हलली नाही. हात केले, जीपा भरलेल्या, मोटारवाले काच वर करून पुढे. ॲम्ब्युलन्सला फोन लावला तर म्हणे, "पाऊण तास तरी धरा, मॅडम." इकडे अण्णा तोंडाने श्वास घेत होते. ओठांचा रंग मला आवडत नव्हता. सात दिवस झाले होते त्यांचं रक्त धुऊन!

मी टायरला लाथ मारली. गाडीला, गॅरेजला, सरकारला, सगळ्यांना शिव्या दिल्या.

"सुमे," अण्णा म्हणाले. एकेक शब्दाला थांबत. "शिव्या... नको घालू. हात लाव तिला."

"अण्णा, आत्ता हे—"

"मला उठवंना. तू लाव."

त्या क्षणी त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी मी केलं असतं. खाली उतरले. बॉनेट तापलेलं. तळहात ठेवला आणि पुटपुटले, "चल गं बाई." लाज वाटली. रडू पण आलं.

आत बसून किल्ली फिरवली. आधी काही नाही... मग एक लांब, घसरत जाणारा कण्हल्यासारखा आवाज. मग दुसरा. आणि इंजिन चालू.

तो नव्या कार्बनचा आवाज नव्हता. मंगळवारपर्यंत रोज ऐकलेला, जुना आवाज होता. अण्णांनी डोळे मिटूनच मान हलवली. "वळखीचा हाय."

वेळेत पोचलो. डॉक्टर एवढंच म्हणाले, "आज चुकलं असतं तर अवघड होतं." अण्णांना मशीनला जोडलं. चार तास हातात होते. परत जायचं होतं, म्हणून जवळच्या एका इलेक्ट्रिशियनला पार्किंगमध्ये बोलावलं. त्याने किल्ली फिरवून बघितली. काहीच नाही. गाडीखाली शिरून सेल्फ उतरवला, उघडला.

"ताई, गाडी ढकलत आणली का?"

"चालवत आणली. आत्ताच."

"गप बसा. हे कार्बन टेकतच नाहीत कुठं. ह्याच्यावर चालू होणं शक्य नाही." त्याने हात पुढे केला.

चार झिजके तुकडे. चार लाल ठिपके.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. रफिकने फसवलं! तिथेच फोटो काढून तालुक्याच्या ग्रुपवर टाकला, गॅरेजच्या नावासकट – 'हाच तो चोर.' अण्णांचा जीव जात होता त्याच्यामुळे!

"नवे आणू का?" इलेक्ट्रिशियनने विचारलं. तेव्हा आठवलं. ठिपकेवाले तर माझ्याकडे आहेत. खणातून पुडी काढली. तोच कागद, मीच मारलेली गाठ.

आत चार नवे कोरे कार्बन. ठिपका नाही, घासल्याची रेघ नाही. एकदाही न वापरलेले.

मोबाईलमधला बुधवारचा फोटो काढला. अण्णांचा तळहात. ठिपकेवाले तुकडे. म्हणजे बुधवारी संध्याकाळी ते सेल्फच्या बाहेर होते. मग शुक्रवारी आत कसे? आणि आत होते, तर घाटात गाडी चालू झाली कशावर?

पोस्ट डिलीट केली. पण तोवर व्हायची ती शोभा झाली होती. येताना अण्णांना गाडीतच बसवून रफिकभाईंसमोर उभी राहिले. त्यांनी पोस्ट वाचलेली होती. सगळं ऐकून घेतलं, फोटो बराच वेळ मोठा करून पाहिला. शेवटी म्हणाले, "चोर म्हणालात ते विसरायला वेळ लागंल, ताई. पण तुमचे अण्णा पोचले ना? मग झालं."

मी माफी मागितली. ग्रुपवरही मागितली, गॅरेजच्या नावासकट.

कुणी म्हणेल, तू पुड्या बदलल्यास. अहो, पुडी एकच होती. कुणी म्हणेल, अंगणात कुणी तरी सेल्फ उतरवला. कशासाठी? मी स्वतः हजार वेळा उलटतपासणी घेतली आहे. सुटत नाही.

त्या दिवशी इलेक्ट्रिशियनने पुडीतले नवे कार्बन बसवले. ठिपकेवाले मी परत बांधून खणात ठेवले. महिनाभर गाडी झटक्यात चालू व्हायची. मागच्या मंगळवारी अण्णांना घेऊन निघताना किल्ली फिरवली, तर दोन लांब कण्हणी... आणि मग इंजिन.

 तशीच रफिकभाईंकडे नेली. त्यांनी बंद करून परत चालू केली, कान देऊन ऐकलं, पाना उचलला. "खोलून बघू का?"

भिंतीवर माझं पत्रक होतं. मागच्या सीटवर अण्णा.

"नको," मी म्हणाले.

पुडीची गाठही सोडलेली नाही. उद्या शुक्रवार आहे.