नवख्यांचा कप

हे गेले त्या वर्षी, सप्टेंबरात, बेसबॉल क्लबचे सेक्रेटरी आमच्या कार्डिफच्या घरी आले. हातात ह्यांचं स्कोअरबुक होतं.

कार्डिफचा बेसबॉल अमेरिकेतल्यासारखा नाही. बॅट एका बाजूने चपटी, बॉल खालून टाकायचा. पुण्यात क्लब क्रिकेटचं स्कोअरिंग केलेले हे एका संध्याकाळी पार्कात तो खेळ बघत थांबले आणि पुढचे बारा उन्हाळे तिथेच स्कोअर लिहीत बसले. पहिलंच वर्ष खेळणाऱ्या नवख्यांपैकी एकाला मोसमाअखेर कप देत. तो कुणाला, हे स्कोअररने ठरवायचं अशी क्लबची रीत होती.

"दोघं उरलेत," सेक्रेटरी म्हणाले. "एक पोस्टमन, एक बेकरीतला. रन्स पोस्टमनच्या जास्त. पण तुमचे मिस्टर कडेला काहीतरी लिहायचे, ते कुणालाच वाचता येत नाही. बघून सांगता का, लव्ह?" इथे कुणालाही लव्ह म्हणतात. "मग बुक परत न्यायला येईन. क्लबचं आहे ना."

समासात पेन्सिलीने बारीक मराठी होतं. पोस्टमनपुढे, 'हात चांगला. घाई फार.' बेकरीवाल्यापुढे, 'पहाटे भट्टीवर, तरी वेळेआधी हजर.'

एका बैठकीत वाचून झालं असतं. मी रोज दोनच पानं वाचायची. सेक्रेटरींचा फोन आला की सांगायची, "अजून ठरत नाहीये." बुक संपलं की ह्यांचं नवं वाक्य या घरात येणार नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात जुलैचं पान आलं. 'बॉल बॅटला लागून मागे झेलला. अंपायरला कळलं नाही. बेकरीवाला आपणहून बाहेर आला. शाब्बास. कप ह्याचा.' आणि खाली, 'पुढच्या बुधवारी तिला पुन्हा विचारावं. दुसरी खुर्ची घ्यायला हवी.'

त्या बुधवारी हे हॉस्पिटलात होते. पहिल्या उन्हाळ्यात 'मॅच बघायला येतेस?' असं विचारलं होतं, तेव्हा पुस्तकातून मान वर न करता मी म्हटलं होतं, "तुम्ही जा." त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या पानांवर दुसऱ्याचं अक्षर होतं. समास कोरे.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. सेक्रेटरी आले, मी ती नोंद इंग्रजीत सांगितली.

"आपणहून बाहेर?" सेक्रेटरी हसायला लागले. "अहो, त्याच मॅचमध्ये आम्ही हरलो! टीम आठवडाभर बोलत नव्हती त्याच्याशी. हे काय क्रिकेट आहे?"

"क्रिकेट नाही, हे त्यांना कधी पटलं नाही."

सेक्रेटरी हसायचे थांबले. "नाहीच पटलं. बरं, बेकरीवाला." मग त्यांनी पानावर बोट ठेवलं. "आणि हे खाली?"

"ते क्लबचं नाही."

ते जरा घुटमळले, मग बुक काखेत धरून गेले. जिन्याखाली ह्यांची मॅचला न्यायची घडीची खुर्ची तशीच टेकलेली होती. एकच.