उशी उन्हात ठेवली त्या दिवशी

"मेनिंजायटिस आहे. म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणाला सूज," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी विचारलं, "मग मान कधी सुटेल?" माझी शाळा सातवीपर्यंतच. मला अजून वाटत होतं, दुखणं मानेचंच आहे.

आरू माझी दोन वर्षांची. दोन दिवस ताप, उलट्या. मग मान ताठ. उचललं की किंचाळायची. आम्ही परभणीकडचे, काळेवाडीत एका खोलीत राहतो. तिचे पप्पा चाकणला कंपनीत, फर्स्ट शिफ्टला. सासूबाई, आई गावी. विचारायचं कुणाला? घरमालकीण काकू म्हणाल्या, "मान अवघडली आसंल. तिची उशी उन्हात ठिव." आमच्याकडेही हेच करतात. दिवसभर उशी पत्र्यावर आणि आरू ग्लानीत. संध्याकाळी डोळेच उघडेना, तेव्हा रिक्षा केली.

उशीचं मॅडमना भीत भीत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "मोठ्यांची मान अवघडते. तापात लेकराची मान ताठली, तर थांबायचं नाही."

लंबर पंक्चर केलं. म्हणजे कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी तपासतात. बाकावरची एक बाई म्हणाली, त्याने पाय जातात. तरी मी सही केली. पाय कुठले जातात! त्या पाण्यातच तर जंतू सापडला.

मग मॅडमनी लसीचं कार्ड मागितलं. साडेतीन महिन्यांच्या डोसची जागा कोरी होती. तेव्हा आम्ही दिराच्या लग्नाला गावी गेलो, अन् ते राहूनच गेलं.

"हा जंतू खोकल्या-शिंकेतून पसरतो. लस अर्धवट असलेल्या लहान लेकरांना धोका जास्त. तिच्याबरोबर कोण कोण असतं?"

काकूंची दीड वर्षांची नात आणि आरू एका ताटात जेवायच्या. नाव घेतलं तर खोली सोडावी लागेल, ही धास्ती. पण ती पोर आरूहून लहान. सांगून टाकलं.

आजार पसरू नये म्हणून नर्सताईंनी दोन्ही घरांना गोळ्या दिल्या, नातीला पातळ औषध. चौथ्या दिवशी काकू वॉर्डच्या दारात. वाटलं, भांडायलाच आल्या. तर हातात डबा.

"समद्या घराची लघवी केशरी झाली गं तुझ्यापायी! आमचं म्हातारं दवाखान्यात चाललं व्हतं. म्हनलं, बसा गप, औषधाचा रंग हाय."

रडता रडता हसू फुटलं मला.

ताप उतरला, पण मॅडम म्हणाल्या, "या आजारात कधी कधी ऐकू येणं जातं. कान तपासू." मी आरूच्या मागून टाळी वाजवली. तिने पाहिलं नाही. मान वळत नव्हती की ऐकूच येत नव्हतं? सलाईनचे उरलेले दिवस त्याच काळजीत गेले.

घरी सोडायच्या आधी मशीनवर तपासणी झाली. "दोन्ही कान चांगले," मॅडम म्हणाल्या. माझा जीव तरी भांड्यात पडेना.

घरी आलो. आरूला कडेवर घेऊन मी कुलूप काढत होते, तेवढ्यात मागून काकूंची नात ओरडली, "आलू!"

आरूने मान वळवली. पार खांद्यापर्यंत.

राहिलेली लस आता झाली आहे. तुमच्या लेकराचं कार्ड आजच काढून बघा. माझी मान अवघडली, तर उशी अजूनही उन्हात टाकते. लेकराची मात्र नाही.