दिवेलागणीच्या आत

डॉक्टरांनी गाडी सोडायला सांगितली आणि ह्यांनी गाडीतच बिऱ्हाड थाटलं. माझ्या संसाराची ती दोन-तीन वर्षं एवढ्या एका वाक्यात मावतात. पण कुणाला सांगितलं तर लोक हसतात, म्हणून नीट सांगते.

नगरला, गावाबाहेरच्या रस्त्यावर ह्यांचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं. धंदा बरा चालायचा. पण ह्यांना संध्याकाळी कमी दिसायचं. आधी मला वाटलं थकवा असेल. मग एकदा कंदील लावायच्या वेळेला हे माझ्या अंगावरच आले आणि वर मलाच म्हणाले, वाटेत कशाला उभी राहतेस. मी वाटेत नव्हते, चुलीपाशी होते.

सासऱ्यांचंही असंच झालं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा दिवस मावळला की ते ओट्यावरून हलायचे नाहीत, आणि पुढे पुढे भर दुपारीही भिंत धरून चालायला लागले. सासूबाई भाकरी थापता थापता सांगायच्या, त्यांच्या घराण्यात हे असतंच, कुणाला लवकर, कुणाला उशिरा. ह्यांच्यासमोर मात्र तो विषय काढायची सोय नव्हती. काढला की ताट सरकवून उठायचे.

शेवटी मीच मागे लागून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं, बोटं दाखवली आणि स्पष्ट सांगितलं, ह्यावर औषध नाही. नजर कडेकडून आत आत येत जाईल. संध्याकाळनंतर गाडी चालवू नका, आणि दिवसाचीही हळूहळू सोडा. ह्यांनी त्यातलं संध्याकाळचं तेवढं ऐकलं. घरी येताना चक्क खुशीत होते.

महिन्याभरात मिलिटरीच्या डिस्पोजलच्या लिलावातून एक जुनी व्हॅन आमच्या दारात येऊन उभी राहिली. रंग उडालेला, एका दाराला कडी नाही, आत उंदरांनी संसार केलेला. ह्यांचं गणित असं होतं की दुष्काळी कामं सगळीकडे निघाली होती, रस्ते, पाझर तलाव, खडीची कामं. त्या कामांवर फिरणाऱ्या ओव्हरसियर लोकांच्या मोटरसायकली धुळीनं आणि दगडांनी जेरीस आल्या होत्या. जामखेडच्या बाजूला बंद पडलेली गाडी नगरपर्यंत ढकलत कोण आणणार? आपण जायचं, जागेवर दुरुस्त करायची, नाही झाली तर व्हॅनमध्ये घालून आणायची. आणि दिवेलागणीच्या आत जिथं असू तिथं मुक्काम करायचा.

"रातीचं चालवायचंच न्हाई म्हटल्यावर काळजी कसली?" हे म्हणाले.

मी झाडू घेतला आणि व्हॅनमधली उंदरांची घाण काढायला लागले.

गाडी मात्र ह्यांनी जीव लावून बांधली. मागची बाकडी काढून तळाला बाभळीच्या फळ्या ठोकल्या. त्यात लोखंडी कड्या बसवल्या, मोटरसायकल उभी केली की तिची दोन्ही चाकं दोरानं आवळता यावीत म्हणून. ती वर चढवायला एक लांब फळी केली, आणि चाक घसरू नये म्हणून फळीवर आडव्या पट्ट्या मारल्या. दुसऱ्या अंगाला बिजागऱ्यांवर बाकडं. उघडलं की झोपायला, मिटलं की जागा मोकळी. गावात असलो की त्याच गाडीतून गिरणीचं दळण यायचं, मुलं शाळेत जायची, सासूबाई मंगळवारी देवीला जायच्या. कोपऱ्यात माठाला कडं, वर कंदिलाला हूक, स्टोव्हला पत्र्याची पेटी. पडदे मी शिवले, माझ्याच जुन्या लुगड्याचे. खोटं कशाला बोलू, मलाही ती गाडी आवडायला लागली होती. नव्यानं घर लावावं तसं मी त्यात डबे लावले.

पण त्या घराचे कायदे वेगळे होते. प्रत्येक वस्तूची एकच जागा. पेला माठावरच, काडेपेटी उजव्या खणातच. मी एकदा पेला बाकड्यावर ठेवला तर केवढा आरडाओरडा. मागच्या पायरीची कड ह्यांनी पांढऱ्या रंगानं रंगवली. आणि बाहेरून, चालकाच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, कमरेच्या उंचीवर एक लोखंडी दांडा जोडून घेतला. सासूबाईंनी विचारलं, हे कशाला रे? तर म्हणाले, टॉवेल वाळत घालायला. त्या दांड्याला सासूबाईंनी हात लावून पाहिला आणि आत गेल्या. सासऱ्यांसाठी त्यांनीच एके काळी ओट्यापासून मोरीपर्यंत दोरी बांधली होती.

मी बरोबर जायला लागले ती तेव्हापासून. मुलं सासूबाईंपाशी ठेवायची आणि पुढच्या सीटवर बसायचं. हे कुरकुरले, मग सवय झाली. एकदा एका आटलेल्या तळ्यापाशी मुक्काम होता. पाण्याचा टिपूस नव्हता, सगळा तळ भेगाळलेला आणि सपाट. हे अचानक म्हणाले, बस इकडं, शिकून घे. मग पुढे जेव्हा जेव्हा त्या वाटेनं गेलो तेव्हा त्या तळ्यात मी गाडी शिकले. क्लच, गिअर, ब्रेक, आणि ह्यांच्या शिव्या. एके काळी मासे पोहत असतील त्या जागेवर मी गोल गोल फिरत होते आणि भेगांतून धूळ उडत होती. बऱ्यापैकी जमायला लागलं. रस्त्यावर मात्र ह्यांनी एकदाही स्टिअरिंग माझ्या हातात दिलं नाही. मागितलं की म्हणायचे, लागेल तेव्हा बघू.

पहिल्या वर्षी आम्ही खरोखर दिवेलागणीला थांबायचो. एखाद्या शाळेच्या आवारात, देवळापाशी, लोकांच्या घरातला दिवा दिसेल अशा जागी. मग गुरं परतायच्या वेळेला थांबायला लागलो, म्हणजे गुरं असती तर. ती चाराछावणीला गेलेली होती. मग ऊन पिवळं पडलं की हे गाडीचा वेग कमी करायचे आणि आडोसा बघायचे. मी बघत होते. रात्र आमच्याकडे आधी यायला लागली होती, आणि रोज थोडी आणखी आधी. मला त्याची भीती बसली होती. दुपारी तीनला जेवायला बसलो तरी माझं लक्ष सावल्यांकडे असायचं.

कडेच्या गोष्टी तर ह्यांना दिवसाही दिसेनाशा झाल्या होत्या. डाव्या हाताला ठेवलेला चहाचा कप लवंडायचा. रस्त्याच्या कडेनं जाणारा सायकलवाला मी "अहो" म्हटल्यावर कळायचा. एका बैलगाडीला तर आम्ही इतक्या जवळून गेलो की गाडीवानाचा चाबूक आमच्या काचेवर वाजला. मी म्हटलं, आता पुरे. हे म्हणाले, त्याचेच बैल आडवे आले. बैल जागचे हलले नव्हते.

त्या उन्हाळ्यात जामखेडच्या बाजूनं परतत होतो. मागे एका ओव्हरसियरची मोटरसायकल बांधलेली, तिचं इंजिन खोलायचं होतं. पेट्रोल काढून घेतलं होतं तरी वास येतच होता. वारा पडलेला. दोन्ही बाजूंना खडीचे ढीग आणि पानं झडलेली बाभळीची झाडं. ऊन पिवळं झालं तशी मी म्हटलं, इथं लिंबाखाली थांबू या का?

"अजून लई उजेड हाय," हे म्हणाले.

उजेड होताच. तेच तर वाईट होतं. एवढ्या उजेडात गाडी लावून झोपायची तयारी करायची, तर येणारे-जाणारे काय म्हणतील, हे ह्यांच्या मनात असणार. मी पुन्हा म्हटलं, तर ह्यांनी मुद्दाम गिअर टाकून वेग वाढवला. माझ्यावरचा राग. आणि पुढच्या वळणावर खडीचं काम नुकतंच सुटलं होतं.

सगळा रस्ता माणसांनी भरला होता. हजेरी लावून निघालेल्या बाया, म्हातारे, हातात कामावर वाटलेल्या सुकडीच्या पिठाची पुडी घेतलेली पोरं. सगळे धुळीनं एका रंगाचे झालेले. ह्यांनी हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. माणसं बाजूला व्हायला लागली, म्हणजे कडेला गेली, जिथं ह्यांना काही दिसत नव्हतं. मी "अहो, डावीकडं" म्हणाले. तोवर डाव्या चाकाखाली काहीतरी गेलं. मोठा धक्का नव्हता. कुरकुर आवाज झाला आणि गाडी जराशी उचलून खाली बसली.

हे थांबले. हॉर्न बंद झाला.

"काय हुतं?" ह्यांनी विचारलं.

मी उतरले. मागच्या चाकाखाली वेताची पाटी चेपून पडली होती आणि तिच्यातून गोधडीचा तुकडा बाहेर आला होता, लहान, ठिगळांचा, तेलाचे डाग पडलेला. कामावरच्या बाया तान्ह्या मुलांना पाटीत निजवून आणतात, हे मला माहीत होतं. रोज बघत होते. मी खाली वाकले नाही. वाकवलंच नाही मला.

मग कुणीतरी माझ्या दंडाला धरलं. एक तरणी बाई होती, माझ्याहून लहान. तिच्या कडेवर मूल होतं. ते रडत होतं, आणि मला त्याचं रडणं तोवर ऐकूच आलं नव्हतं.

"हितंच ठिवलं हुतं," ती म्हणाली. "रडाया लागलं म्हनून उचललं. आत्ताच उचललं, बाई."

ती ओरडली नाही, शिवी दिली नाही. तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, आत्ताच उचललं, आत्ताच उचललं. एका म्हाताऱ्यानं पाटी ओढून काढली, गोधडी झटकली आणि तिच्या खांद्यावर टाकली. मी गाडीतली आमची भांड्यांची पाटी रिकामी करून तिला दिली. घाईत भांडी सगळी रस्त्यावर पडली आणि तिनंच वाकून गोळा करून दिली.

ह्यांनी सगळं ऐकलं होतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले होते. खिडकीतून एवढंच विचारलं, "पोरगं हाय ना?"

"हाय की," ती म्हणाली, आणि मूल त्यांच्यापुढं धरलं. ह्यांनी तोंड वळवलं ते तिच्या आवाजाच्या बाजूला, मुलाच्या बाजूला नाही. तिच्या ते लक्षात आलं. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, मूल छातीशी घेतलं आणि मागं सरकली. तिची नजर मी अजून विसरलेले नाही. तिला राग आला नव्हता, ती आम्हाला भ्यायली होती.

ह्यांनी दार उघडलं. उतरले. दांड्यावर हात ठेवला आणि त्याच्यावरून हात सरकवत, इतक्या लोकांच्या देखत, गाडीच्या मागपर्यंत चालत गेले. पायानं पांढरी पायरी चाचपली. आत जाऊन मोटरसायकलीशेजारी बाकड्यावर बसले आणि दार ओढून घेतलं. मला कुणी काही सांगितलं नाही. चावी गाडीलाच होती.

मी त्यांच्या जागेवर बसले. सीट त्यांच्या अंगानं तापलेली होती. गाडीनं दोन गचके खाल्ले, मग निघाली. माणसं पुढून बाजूला होत होती आणि मला एक न् एक माणूस दिसत होतं, बायांच्या बांगड्या, पोरांच्या तोंडाला लागलेली सुकडी, लांबवर रस्त्यावर बसलेलं कुत्रंसुद्धा. सूर्य अजून टेकडीच्या वर होता आणि त्याचं ऊन माझ्या हातांवर पडलं होतं.

बरंच पुढं गेल्यावर, ऊन तसंच असताना, मागून ह्यांचा आवाज आला. भांडणाचा नव्हता, समजुतीचा होता.

"अगं, लाईट लाव ना," हे म्हणाले. "अंधार पडला."

मी लाईट लावले.