अंगठ्याखालच्या ओळी

एकोणीसशे छप्पन साल. मी बावीस वर्षांचा, काचीगुड्याच्या एका छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी. शाळा चौथीपर्यंत, तीही उर्दू. मराठी मी शिशाच्या खिळ्यांवरून शिकलो, उलटी. म्हणून मला कुणी अडाणी समजू नये. त्याच साली दिगंबरची आणि माझी दोस्ती फाटली. तो मास्तर, नल्लकुंट्यातल्या जुन्या घरातला. महिन्यापूर्वी तो गेला. फोन आला तेव्हा मनात पहिलं हेच आलं, की आता खरं काय ते सांगायला कुणी उरलं नाही...

आम्ही परभणीकडचे. त्या वर्षी आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला, पण दिगंबरच्या ओट्यावरचा कोनाडा होता तसाच राहिला. त्यात टवका उडालेला एनॅमलचा मग, माझ्यासाठी. त्याची आई चहा वरून ओतायची. दिगंबर कपबशी घेऊन माझ्याशेजारी बसायचा, तासन्‌तास बोलायचा. निघताना तो मग विसळून मी पालथा ठेवायचो. ह्यावर आमच्यात कधी शब्द झाला नाही.

भाषेप्रमाणे वाटणी होऊन जुनं निजामी संस्थान मोडणार, मराठी मास्तरांना औरंगाबादकडे धाडणार, असं चाललं होतं. जो तो दुसऱ्याकडे संशयानं बघायचा. त्या दिवसांत दिगंबरनं एक गोष्ट लिहिली. ग्रीक लोकांची जुनी कथा: राजाच्या घरी बैलाच्या डोक्याचं पोर जन्मतं, राजा लाजेनं त्याला भुलभुलैयात कोंडतो, शेवटी एक वीर येऊन त्याला मारतो. दिगंबरनं ती आपल्या शहरात आणली आणि राजाच्या दुसऱ्या मुलाच्या तोंडून सांगितली. ती ज्या मासिकात येणार होती, ते आमच्याच छापखान्यात छापलं जायचं.

"किसन, तूच जुळव. दुसऱ्याला देऊ नको."

"का रे, माझ्या हाताला सोनं लागलंय?"

"वाच, मग कळेल."

जुळारी गोष्ट वाचत नाही, ओळ वाचतो. शेवटाकडे ओळ आली: 'तो प्राणी दाराबाहेरच्या वेगळ्या भांड्यात पितो, पिताना नाकानं फुरफुरतो.' चहा पिताना मी फुरफुरतो, माझी आई कायम टोकायची. हात थांबला. मला बैल केलंस, मास्तर? आणि माझ्याच हातानं जुळवून घेतोस? पुढचं वाचलंच नाही. तो परिच्छेद अख्खा गाळला आणि वीर तलवार उपसतो तिथून पुढे जुळवलं.

दिगंबर प्रूफात काना-मात्रा सोडायचा नाही. ते पान मात्र बराच वेळ पाहिलं आणि मुकाट सही केली. चोरी पकडली गेली, म्हणून गप्प बसला... असं मी धरून चाललो. पुढे बदलीचा हुकूम आला. मनात नसताना स्टेशनावर गेलो. गाडी हलली तेव्हा तो म्हणाला, "तुझं उत्तर मिळालं, किसन. तुझं बरोबर आहे." मला तो टोमणा वाटला. निवृत्त होऊन तो परत आला, आबिड्सच्या बाजारात कधी गाठ पडायची. तब्येत विचारायचो, बस.

परवा त्याची नात एक जाड पाकीट घेऊन आली.

"आजोबांच्या कपाटात होतं. वर तुमचं नाव है, डॅडी बोलले. मला मराठी वाचायला नै येत."

"मग कपाट उघडलंस कशाला?"

"नक्को आजोबा, चिडू नका."

आत गोष्टीची तीच हस्तलिखित पानं, प्रूफासोबत मी त्याला परत दिलेली. मागाहून काही घुसडलं असेल म्हणून उजेडात धरून शाई पाहिली. त्या ओळीवर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा होता. मी थांबलो होतो तिथला. ठशाची कड खालच्या अक्षरांवर चढलेली. म्हणजे खालच्या ओळी तेव्हाही होत्या.

'शिंगं त्याला नव्हतीच. भांडं वेगळं ठेवणाऱ्यांना ती दिसली. मी रोज त्याच्याशेजारी बसलो, पण ते भांडं उचलून एकदाही आत नेलं नाही. हे तो वाचेल. मग माझ्याशी बोलायचं की नाही, ते त्यानं ठरवावं.'

...आणि मी त्या ओळी गाळलेलं प्रूफ त्याच्या हातात दिलं होतं. तेच त्यानं माझं उत्तर धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नल्लकुंट्याला गेलो. आधी कोनाडा पाहिला, तिथे आता विजेचा मीटर. आत बसलो. चहा आला, कप सगळ्यांचे सारखे आहेत का ते पाहिलं. सारखे होते. फुरफुरत प्यायलो. मग नातीला समोर बसवून त्या ओळी मोठ्यानं वाचल्या, एकही न गाळता. तिनं विचारलं, "हे भांडं कुठं होतं?" मी उठलो, तिला ओट्यावर नेलं आणि जागा दाखवली.